दोन अंगीकार

रविवारच्या उपासनेत आम्ही सगळे दोनदा एकत्र बोलायचो. पहिल्यांदा गुडघे टेकून, खालच्या आवाजात, तो पापांगीकार. पुढे उभं राहून, खणखणीत स्वरात, तो विश्वासांगीकार. लहानपणी मला दुसरा आवडायचा. त्यात आवाज चढवता यायचा, आपण कुठल्या तरी मोठ्या मिरवणुकीत आहोत असं वाटायचं. पहिला मात्र मी तोंडातल्या तोंडात उरकून टाकत असे. मराठी ख्रिस्ती भाषेनं या दोन्हींसाठी ‘अंगीकार’ हा एकच शब्द ठेवला, याचं मोल मला फार उशिरा कळलं. नव्या कराराच्या ग्रीकमध्येही ख्रिस्ताला जाहीरपणे आपला म्हणणं आणि आपलं पाप कबूल करणं यांची क्रियापदं एकाच कुळातली आहेत.

विश्वासाचं रक्षण करा आणि पापाला अडवा, ही ख्रिस्ती माणसाला सांगितलेली दोन कामं. शिकवताना मात्र ती वेगळी होतात. पहिलं पंडितांच्या आणि वक्त्यांच्या वाट्याला जातं, दुसरं प्रार्थनेच्या खोलीत. दोन हजार वर्षांचा हिशेब मांडायला बसलं की ही वाटणी टिकत नाही. पापांगीकार मागे पडला, की विश्वासाचं रक्षण करणाऱ्याच्या हातून विश्वासाचीच हानी होते. पुन्हा पुन्हा झाली आहे.

या विषयाची बहुतेक चर्चा पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायापासून सुरू होते. तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला कायम तयार असा, असा तिथला आशय. ‘उत्तर’ यासाठी मूळ शब्द आहे ‘अपोलोगिया’, म्हणजे आरोपीनं न्यायसभेपुढे आपल्या बाजूनं केलेलं निवेदन. पण ते वाक्य तिथं थांबत नाही. उत्तर सौम्यपणे द्या, आदरानं द्या, आणि तुमचा विवेक निर्मळ असू द्या, अशी अट लागलीच येते. वादसभेत हा उतारा म्हणणारे पुष्कळदा अटीच्या आधीच थांबतात.

ही अट पेत्राच्याच नावाच्या पत्रात यावी, यात मोठा अर्थ आहे. गेथशेमाने बागेत शिपाई येशूला धरायला आले तेव्हा पेत्रानं तलवार उपसली आणि महायाजकाच्या मल्ख नावाच्या दासाचा कान कापला. काही तासांनी महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात, शेकोटीपाशी, एका दासीनं त्याला ओळखलं आणि तो साफ नाकबूल झाला. एकदा नाही, तीनदा. तलवार आणि नकार, दोन्ही एकाच रात्री, एकाच माणसाच्या हातून. वरवर पाहता एक शौर्य आणि एक भ्याडपणा. पण मुळाशी दोन्हींत भीतीच आहे. पुढच्या इतिहासात मंडळी विश्वासरक्षणात चुकली ती याच दोन तऱ्हांनी: कधी कान कापून, कधी ओळख नाकारून.

यहूदाचं पत्र अवघ्या 25 वचनांचं आणि नव्या करारातलं बहुधा सर्वांत तिखट. एकदाच सोपवून दिलेल्या विश्वासासाठी झुंजा, हे आवाहन त्यातलंच. पण त्याच पत्रात आद्यदेवदूत मीखाएल प्रत्यक्ष सैतानाशी वाद करतानाही शिवीगाळ करायला धजत नाही, आणि शेवटी, जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा असं सांगितलं जातं. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात आध्यात्मिक शस्त्रसामग्रीची यादी आहे: कमरपट्टा, उरस्त्राण, पायताण, ढाल, शिरस्त्राण आणि एकच तलवार, देवाच्या वचनाची. झुंज माणसांशी नाही, हे तिथं आधीच बजावलेलं आहे. आणि रानातल्या परीक्षेच्या प्रसंगात येशू तिन्ही वेळा शास्त्रातून उत्तर देतो हे खरं, पण सैतानही तिथं स्तोत्रातलं वचनच पुढे करतो. नुसती वचनं पाठ असणं हे रक्षण नव्हे, हे याहून स्पष्ट कसं सांगायचं?

पेत्राचं पत्र ज्या प्रांतांना लिहिलेलं आहे त्यांत बिथुनिया आहे. त्याच भागाचा रोमी सुभेदार प्लिनी यानं सुमारे 112 मध्ये सम्राट ट्रेजनला विचारणा केली: ख्रिस्ती म्हणवणं हाच गुन्हा धरायचा, की त्या नावाखाली केलेली दुष्कृत्यं? पुढे याच प्रश्नावर जस्टिननं आपला मोहरा वळवला. हा आजच्या नाब्लुसचा, तत्त्वज्ञानाच्या एकेका पंथात फिरून ख्रिस्ताकडे आलेला माणूस. सुमारे 155 मध्ये त्यानं सम्राट अँटोनायनस पायसला उद्देशून निवेदन लिहिलं. ख्रिस्ती लोक नास्तिक आहेत, नरमांस खातात, असे प्रवाद तेव्हा सर्रास होते. आमच्या आचाराची चौकशी करा, दोष सापडला तर शिक्षा द्या, पण नुसत्या नावासाठी मारू नका, हा त्याच्या म्हणण्याचा गाभा. रविवारी आम्ही काय करतो, गोळा झालेलं द्रव्य अनाथांना, विधवांना, कैद्यांना कसं पोचतं, याचं वर्णन त्यानं केलं आहे. म्हणजे पुराव्यादाखल त्यानं मंडळीचं वागणंच सम्राटापुढे ठेवलं. सुमारे 165 मध्ये रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

ओरिजेननं तर याहून धाडसाची गोष्ट केली. सेल्सस नावाच्या विद्वानानं ख्रिस्ती मतावर घणाघाती ग्रंथ लिहिला होता. मित्राच्या आग्रहाखातर ओरिजेननं सुमारे 248 मध्ये आठ भागांचं उत्तर लिहिलं, आणि त्या उत्तराच्या आरंभीच म्हटलं की खोट्या साक्षींपुढे येशू गप्प राहिला, त्याचं जीवन हेच त्याचं उत्तर होतं आणि आजही शिष्यांचं जीवन हेच उत्तर आहे. एवढं सांगून मग त्यानं मुद्देसूद खंडनही केलं. या क्रमामुळेच मला तो सर्व विश्वासरक्षकांत वडीलधारा वाटतो.

दोनच वर्षांनी, 250 मध्ये, सम्राट डेशियसनं फर्मान काढलं: प्रत्येकानं देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे पपायरसवरचे दाखले सापडले आहेत. हजारो ख्रिस्ती लोकांनी बळी दिले, काहींनी पैसे चारून दाखले मिळवले. छळ ओसरल्यावर ही माणसं परत मंडळीच्या दाराशी आली. त्यांचं काय करायचं? नोव्हेशियनच्या गटाचं म्हणणं, दार बंद. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि इतरांनी दीर्घ प्रायश्चित्तानंतर त्यांना आत घेण्याचा मार्ग धरला. त्यात वाद झाले, कटुता आली. तरी मंडळी शेवटी त्या शेकोटीपाशी रडलेल्या माणसाच्या बाजूनं उभी राहिली. विश्वासाच्या रक्षणाचा याहून मोठा निर्णय त्या शतकात झाला नसेल.

छळ संपला तशी झुंजही आत वळली. अँथनीसारखी माणसं त्याआधीच इजिप्तच्या वाळवंटात गेली होती. तिथल्या साधकांपैकी इव्हाग्रियस (मृत्यू 399) यानं मनात शिरणारे आठ विचार मोजले: खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, कंटाळलेली मरगळ, लौकिकाची हाव आणि गर्व. मराठी वाचकाला इथं षड्रिपू आठवतीलच. दोन याद्यांत मोठं साम्य आहे, पण भर दुपारी साधकाला गाठणारी ती मरगळ, दिवस सरता न सरण्याची, जागा सोडून पळून जावंसं वाटण्याची, ती षड्रिपूंत नाही. आणि मत्सर इव्हाग्रियसच्या यादीत नाही. तो दोनशे वर्षांनी पोप ग्रेगरीनं घातला, आणि सात प्रमुख पापांची यादी त्यातून पुढे घडली.

मला महत्त्वाचं वाटतं ते इव्हाग्रियसचं दुसरं पुस्तक. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच ‘उलट उत्तर देणारं’ असा होतो. प्रत्येक वाईट विचार मनात बोलू लागला की त्याला शास्त्रातलं कुठलं वचन सुनवायचं, याचा तो संग्रह आहे. जस्टिन सम्राटाला उत्तर देत होता, इव्हाग्रियस स्वतःच्या मनाला. दोघांचं काम एकच, उत्तर देण्याचं. पाप हासुद्धा एक युक्तिवाद असतो. तो ऐकून घेतला की पटतो. त्याला वेळीच तोडावं लागतं, हे त्या वाळवंटातल्या लोकांना आपल्यापेक्षा बरंच नीट माहीत होतं.

हे तोडणं माणसाच्या बळावर होतं का, यावर पेलेजियस आणि ऑगस्टीन यांच्यात प्रसिद्ध वाद झाला. पेलेजियस म्हणे, देवानं आज्ञा दिली म्हणजे ती पाळण्याची शक्तीही माणसात आहे. ऑगस्टीनला स्वतःची तरुणपणची वर्षं विसरता येत नव्हती. कृपेवाचून इच्छाच आजारी असते, असं त्याचं म्हणणं. 418 च्या कार्थेज परिषदेनं पेलेजियसचं मत नाकारलं. या वादाची पुढची शेकडो वर्षं मी इथं ओलांडून जातो, कारण आपल्या किनाऱ्यावर घडलेलं सांगायचं आहे.

गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं. मधली चारेक वर्षं सोडली तर ते 1812 पर्यंत चाललं. विश्वास शुद्ध ठेवण्यासाठी नेमलेलं ते न्यायालय. त्यानं घरातली तुळस, लग्नातल्या रीती, ताटातलं अन्न यांतही पाखंड शोधलं, माणसांना कोठडीत घातलं, जाळलं. मल्खाचा कान इथं राज्याच्या शिक्क्यानं कापला गेला. हे सौम्य शब्दांत सांगण्याची ख्रिस्ती लेखकाला मोकळीक नाही. त्याच गोव्यात 1579 मध्ये इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स साष्टीत राहून मराठी शिकले आणि 1616 मध्ये त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं. जुनी पुराणं हिरावून घेतलेल्या लोकांना त्यांच्याच छंदात कथा देणारा हा ग्रंथ. स्टीफन्स त्या सत्तेच्या छायेतच काम करत होते, हे विसरून चालणार नाही. तरीही चारशे वर्षांनंतर माणसं प्रेमानं उघडतात ती स्टीफन्सची पोथी.

मुंबईत 1829 मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आले आणि वादांचं पर्व सुरू झालं. 1831 च्या वादात त्यांच्यासमोर मोरभट दांडेकर उभे राहिले. त्यांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली आणि विल्सननी इंग्रजीत उत्तर छापलं, ज्याच्या नावातच हिंदू धर्माला उघडं पाडण्याची भाषा होती. उत्तर देण्याची जागा हल्ल्यानं घेतली होती. विल्सन विद्वान होते, त्यांच्या शाळेतून मोठं कार्य उभं राहिलं, पण पेत्राच्या पत्रातला ‘आदर’ त्या मथळ्यात दिसत नाही. 1857 मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात समुद्रकिनारी संध्याकाळच्या वेळी झालेला वाद पुढे पुस्तकरूपानं निघाला. त्या वादातले अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी मिशनचा पगार सोडला होता आणि ते मुंबईतल्या गरीब वस्तीत, साध्यात साध्या खोलीत राहत. त्या किनाऱ्यावर कोण जिंकलं, याचा निकाल ज्यानं त्यानं आपापल्या बाजूनं दिला. बोवेनच्या राहणीबद्दल मात्र दोन मतं नव्हती.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचं चरित्र या साऱ्या वादांवर वेगळाच प्रकाश टाकतं. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित. जॉन म्यूरच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाला उत्तर म्हणून त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून हिंदू धर्माची बाजू मांडली, आणि 1848 मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. मग ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून दर्शनांचं खंडन केलं. दोन्ही काठांवरून उत्तरं दिलेला हा माणूस. शंका ही शत्रूची गोष्ट नाही, आपल्याच घरात राहते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पंडिता रमाबाईंवर गोऱ्ह्यांचा प्रभाव होता. 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेच त्यांना विश्वासाचं रक्षण करावं लागलं ते मंडळीतल्याच वडीलधाऱ्यांपासून. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. माझा विवेक कुणा धर्माधिकाऱ्याच्या हवाली करणार नाही, शास्त्र मी स्वतः वाचीन, हा त्यांचा सूर. क्रूसावर लॅटिनच का, संस्कृत अक्षरं का नकोत, असं विचारायलाही त्या कचरल्या नाहीत. पुढे पुण्यात त्यांनी चालवलेल्या शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून 1893 मध्ये गदारोळ उठला, रानडे आणि भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. मुलींच्या पालकांना वाटलेली शंका खोटी होती असं मी म्हणणार नाही. विश्वासानं सोपवलेल्या मुलींचा प्रश्न नाजूकच होता. पण रमाबाईंनी स्वतःच्या प्रार्थनेचं दार लावून घ्यायला नकार दिला. तलवार नाही, आणि ओळख नाकारणंही नाही. दुष्काळात त्यांनी शेकडो मुली केडगावला आणल्या, आणि 1905 मध्ये तिथल्या मुक्ती मिशनमध्ये जे जागरण झालं त्याची सुरुवात मुलींनी रडत केलेल्या पापांगीकारानं झाली.

लक्ष्मीबाई टिळकांचा मार्ग आणखी निराळा. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या दुरावल्या. परत संसारात आल्यावरही सोवळं-ओवळं, वेगळं पाणी, वेगळी चूल चालूच होती. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सगळं त्यांनी लपवाछपवी न करता सांगितलं आहे. जात देवानं केलेली नाही हे त्यांना एके दिवशी आतून उमगलं, आणि मग त्यांनी आपल्या हातानं ते शिवाशिवीचं ओझं उतरवलं. 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्याला त्या काळचा समाज धर्म म्हणत होता त्याला पाप म्हणून ओळखणं, तेही स्वतःच्या स्वयंपाकघरात! मराठीत पापाशी झुंजीचं याहून प्रामाणिक वर्णन माझ्या वाचनात नाही.

विसाव्या शतकात दोन अंगीकार एकमेकांपासून तुटले तर काय होतं, हे जर्मनीनं दाखवलं. मे 1934 मध्ये बार्मेन इथं जमलेल्या प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनी जाहीरनामा काढला: मंडळीचा प्रभू ख्रिस्त आहे, कुणी नेता नाही. हिटलरच्या राज्यात हे धैर्याचंच काम होतं. पण त्या सहा कलमांत यहुदी लोकांबद्दल अक्षर नाही. मसुद्याचे मुख्य लेखक कार्ल बार्ट यांनी पुढे उतारवयात ही आपली चूक मानली. डीट्रिख बोनहोफर 1933 पासूनच त्या प्रश्नावर बोलत होते. 9 एप्रिल 1945 ला फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी दिलं गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये श्टुटगार्टला उरलेल्या पुढाऱ्यांनी कबुली दिली, की आम्ही अधिक धैर्यानं साक्ष दिली नाही, अधिक मनापासून प्रेम केलं नाही. बार्मेनला राहून गेलेला पापांगीकार अकरा वर्षांनी, लाखो माणसं मेल्यावर, अपुरा का होईना, केला गेला.

सी. एस. लुईस हे त्याच युद्धकाळातले रेडिओवरचे विश्वासरक्षक. मोहात पाडणाऱ्या सैतानाच्या बाजूनं पत्रं लिहून त्यांनी पापाची आतली कारागिरीही उलगडली. 1945 च्या एका व्याख्यानात त्यांनी पाळकांना सावध केलं, की विश्वासाची बाजू मांडण्याच्या धंद्याइतका स्वतःच्या विश्वासाला धोका दुसरा नाही. वाद जिंकल्याच्या क्षणी ते सत्य आपल्याच खांद्यावर उभं असल्यासारखं भासू लागतं. हा इशारा आपल्या काळात किती खरा ठरला! भारतात जन्मलेले, जगभर व्याख्यानं देणारे रवी झकरायस मे 2020 मध्ये वारले. त्यांच्याच संस्थेनं नेमलेल्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी 2021 मध्ये आला आणि त्यांनी अनेक वर्षं अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं त्यात पुढे आलं. त्याआधी एका स्त्रीनं तक्रार केली तेव्हा तीच संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली होती. त्यांच्या भाषणांनी ज्यांचा विश्वास सावरला अशी माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्यांना काय सांगायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. एवढं दिसतं, की तिथं सगळ्यांची उत्तरं तयार होती आणि त्या एका माणसाला मात्र कुणी प्रश्न विचारत नव्हतं.

या आढाव्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव टाळता येणार नाही. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेला निबंध त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. त्यात त्यांचा आक्षेप असा, की माणसाच्या अधोगतीचं मूळ त्याच्या पापात आहे असं शिकवलं की ज्या समाजरचनेनं त्याला चिरडलं तिच्याकडचं लक्ष उडतं, आणि धर्मांतरित माणूस अन्यायाशी झगडणं सोडून देतो. या आरोपाला ‘पाप’ या शब्दाची छोटी व्याख्या करून उत्तर देता येत नाही. आमोस आणि यशया या संदेष्ट्यांनी ज्या पापाविरुद्ध आवाज उठवला ते खोट्या तराजूचं, गरिबांना लुबाडण्याचं, शेताला शेत जोडून घेण्याचं पाप होतं. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून जमिनी गिळणाऱ्यांविरुद्ध लोकांना उभं केलं, आणि त्याच हातानं ‘सुबोध बायबल’ लिहिलं. मला त्यांची ही दोन कामं वेगळी दिसत नाहीत.

पण बाबासाहेबांच्या प्रश्नाचं आमच्या घरातलं उत्तर अजून यायचं आहे. नगर, जालना, सोलापूरकडच्या मंडळ्यांत बहुसंख्य कुटुंबं मूळची महार-मांग समाजातली. पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाकावर बसणारी, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी. लग्नाची बोलणी निघाली की मुलाचं शिक्षण, नोकरी, बाप्तिस्मा, सगळं विचारून होतं. मग चहाचे कप खाली ठेवले जातात, कुणीतरी वडीलधारं माणूस आवाज थोडा खाली आणतं आणि विचारतं, “तसे मूळचे तुम्ही कोण?” मी अशा बैठकीत बसलो आहे. माझ्यासकट तिथल्या प्रत्येकाला विश्वासांगीकार तोंडपाठ होता. त्या प्रश्नावर हरकत मात्र कुणीच घेतली नाही.